मोहन्याची दुनळी आणि पास्कू मिस्त्री

क्षमा करणाऱ्या माणसांची मला पूर्वीपासून धास्ती वाटते. ती मनात काय ठेवतात याचा पत्ता लागत नाही. पास्कू मिस्त्रीचं तसं नव्हतं. त्याचा राग उघडा होता. तो अंगणात फिरायचा, दाणे टिपायचा आणि नाताळला शिजायचा.

हे मी अलंकारिक बोलत नाही. बाळकुमला खाडीच्या अंगाला पास्कूचं घर होतं. दरसाल पावसाळा सरला की तो एक कोंबडा पाळायला घेई आणि त्याचं नाव ठेवी आबासाहेब. कोंबडा बदले, नाव बदलत नसे. पास्कू त्याला स्वतःच्या हाताने दाणे घाली, माशांची डोकी घाली, चांगला गुबगुबीत करी आणि नाताळच्या आदल्या दिवशी सुरी पाजळून म्हणे, "चला आबासाहेब, तुमची येळ जाली." मी त्या काळी ठाण्याच्या कचेरीत बंदुकांच्या परवान्यांचं काम बघणारा कारकून होतो आणि नौपाड्यात राहत होतो. आमच्यात कोंबडं चालतं. त्यामुळे दरसाल आबासाहेबांची एक तंगडी माझ्या वाट्याला येई आणि मी ती मिटक्या मारत खाई.

खरे आबासाहेब कल्याणपलीकडे मोहन्याला राहत. मोठे जमीनदार, शिकारीचे शौकीन. त्यांच्याकडे मी पुढे येतोच.

पास्कू उंच आणि हाडकुळा होता. एक डोळा मिटून बारकं काम बघण्याच्या सवयीने त्याचा डावा डोळा कायमचा लहान झाला होता, त्यामुळे तो समोरच्यावर नेम धरून बसल्यासारखा वाटे. त्याचं काम बंदुका दुरुस्त करण्याचं, आणि त्यातही चापाच्या दुखण्यात त्याचा हात धरणारा आमच्या मुलखात कुणी नव्हता. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. नम्रपणा त्याच्या गावीही नव्हता.

दुनळी बंदुकीला दोन घोडे आणि दोन चाप. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. घोडा चढवला की आत एक पोलादी अटकण त्याच्या खाचेत बसते. चाप ओढला की अटकण उचलली जाते, घोडा सुटून काडतुसावर आपटतो आणि बार होतो. एवढंच ते यंत्र. पण पास्कू म्हणे की त्यात बिघडायच्या तऱ्हा माणसाच्या स्वभावाइतक्या आहेत.

गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की तो हात वर करी. "तुमी गप ऱ्हावा. तिला बोलू द्या. बंदूक खोटा बोलत नाय, धनी बोलतो." मग बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घेई, डोळे मिटून घोडा हळूहळू चढवी आणि आतला आवाज ऐके. चढवलेल्या घोड्याला अंगठ्याने पुढे रेटून बघे. दस्त्याला, म्हणजे मागच्या लाकडाला, तळहाताने खालून ठोके देई. शेवटी चापाला सुतळीने तांब्या टांगून त्यात पाणी ओती, घोडा पडेपर्यंत. तांब्या किती भरला त्यावरून त्याला चापाची ओढ समजे. हा सगळा विधी होईपर्यंत गिऱ्हाइकाने तोंड उघडलं तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

कल्याणचा एक लाकडाचा व्यापारी आला होता. त्याची बंदूक थंडीच्या दिवसांत पहाटे उडत नसे आणि दुपारी मात्र ठणठणीत चाले. भाऊबंदांनी करणी केली अशी त्याची खात्री होती. पास्कूने चापाजवळ नाक नेलं. "शेट, ह्याच्यात खोबरेल घातलाव?" व्यापारी म्हणाला, घरचं घाण्याचं आहे, शुद्ध आहे. "तुमचे डोस्क्याला घाला शुद्ध हाय तर. पहाटचा गोठतं तं. घोडा चिखलात रुतल्यावानी होतो." याच व्यापाऱ्याने पूर्वी कधीतरी पास्कूला दारात उभं करून वरून ओंजळीत पाणी ओतलं होतं. पास्कू ते विसरला नव्हता. त्याने शेटजींना एका पायाने आखूड असलेल्या स्टुलावर बसवलं आणि कढत पाणी व राख देऊन त्यांच्याच हातांनी ती सगळी बंदूक धुऊन घेतली. हे लंगडं स्टूल त्याने खास ठेवलं होतं. ज्याच्यावर राग नसे त्याला पाट मिळे.

दुसरे एक फौजदार. एक चाप ओढला की दोन्ही नळ्या एकदम उडतात, अशी त्यांची ओरड होती. पास्कूने विधी उरकला आणि म्हणाला, "बंदुकीला काय जाला नाय. तुमचा बोट जाडा हाय. पयल्या धक्क्यानं मागच्या चापावर घसरतो." फौजदारांनी त्याच्या धर्मावरून, पाव खाण्यावरून जे तोंडाला येईल ते बोलून घेतलं. पास्कूने बंदूक ठेवून घेतली. बंदूक परत केली तेव्हा पुढचा चाप त्याने इतका जड केला होता की फौजदार दोन बोटांनी ओढेपर्यंत डुक्कर डोंगरापलीकडे जाई. पुन्हा तक्रार आली तेव्हा पास्कू शांतपणे म्हणाला, "दोन बोटं गुतली, आता घसरनार काय?"

अशा गोष्टींनी आम्ही हसत असू. पण हे लहान सूड म्हणजे त्याच्या हाताचा सराव होता. मोठा सूड पुढेच होता आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

पास्कूला इनास नावाचा धाकटा भाऊ होता. देखणा, गाणारा, सगळ्या बाळकुमचा लाडका. त्याचं लग्न ठरलं होतं. एका वर्षी पावसाळा संपता संपता आबासाहेबांची दुनळी पास्कूकडे साफसफाईला आली. त्याने ती उघडली, पुसली, अटकणीला नवी धार दिली आणि परत पाठवली. दसरा झाला. मग आबासाहेबांनी हंगामातली पहिली शिकार काढली आणि काडतुसं वाहायला इनासला बोलावून घेतलं. त्या शिकारीत आबासाहेबांच्या बंदुकीचा बार इनासच्या पाठीत बसला. तो तिथेच शेताच्या बांधाखाली मरण पावला.

चौकशीत आबासाहेबांनी सांगितलं की चापाला माझं बोट नव्हतं, बंदूक आपोआप उडाली. बाळकुमच्या मिस्त्रीकडून नुकतीच दुरुस्त होऊन आली होती, त्यानेच बिघडवली असणार. बंदूक उघडून बघण्याचं कुणाला सुचलं नाही. अपघात म्हणून प्रकरण मिटलं आणि बंदूक मोहन्याला परत गेली.

पास्कूची गिऱ्हाइकं तुटली, पण ते त्याने सोसलं असतं. त्याला सोसवलं नाही ते आईचं वागणं. मारियामाय तेव्हा चांगली ताठ होती. इनासला पुरून आल्यावर तिने ओटीवर दुसरी चूल मांडली आणि पास्कूच्या हातचं अन्न बंद केलं. त्याला नावाने हाक मारणंही सोडलं. एकाच घरात राहून ती त्याला 'मिस्तरी' म्हणे, आणि तेही दुसऱ्याकडे बघून. मी गेलो की मला सांगे, "कारकूना, त्या मिस्तऱ्याला सांग, दार ओढून घे." पास्कू समोर बसलेला असे. मी सांगत असे. तो उठून दार ओढून घेई.

"आबासाहेब खोटा बोलला," पास्कू मला पुन्हा पुन्हा म्हणे. "बोट व्हता त्याचा चापावर. माजी अटकन सुटनार नाय. ती बंदूक एकदा माजे हातात येऊं दे. आयचे समोर उगडीन."

"आणि मग?" मी एकदा विचारलं.

"मंग त्याला जिता गाडीन."

त्याने लग्न केलं नाही. सुडाला सवत खपत नाही, असं तो म्हणे. मुंबईच्या एका मोठ्या बंदूकवाल्याने त्याला कामाला बोलावलं, तर गेला नाही. ती बंदूक इथेच येणार आणि आपण इथेच पाहिजे, एवढंच त्याचं उत्तर. आई म्हातारी होत गेली, तिची नजर गेली, पण ओटीवरची चूल काही हलली नाही.

शेवटी ती बंदूक आली आणि ती मी आणवली. हे सांगताना मला आजही समाधान वाटतं. मोहन्याला बिबट्या वासरं उचलू लागला होता. आबासाहेबांचा मुलगा ती जुनी दुनळी आपल्या नावावर करून घ्यायला कचेरीत आला. मी साहेबांना अदबीने म्हणालो की ह्या बंदुकीने एक माणूस मेला आहे, मिस्त्रीने तपासल्याशिवाय परवाना देणं बरं दिसणार नाही. आणि धन्याने ती जातीने न्यावी, म्हणजे मागची हकिकत त्याच्याच तोंडून मिळेल. साहेबांनी विचारलं, मिस्त्री कोण आहे? मी बाळकुमचं नाव सांगितलं. जिल्ह्यात आणखी एकदोघे होते, पण ते मला त्या वेळी आठवले नाहीत.

त्या सकाळी मी आधीच पास्कूच्या ओटीवर जाऊन बसलो होतो. कचेरीचा माणूस म्हणून माझं तिथे काम होतंच. बैलगाडी दारात थांबली आणि आबासाहेब मुलाच्या आधाराने उतरले. हातात काठी, मान थोडी हलणारी. नेमका त्याच वेळी कोंबडा मारियामायच्या चुलीपाशी घुसला आणि म्हातारी ओरडली, "आबासाहेब, मेल्या, भायेर हो!"

आबासाहेब जागच्या जागी थबकले.

"तुमाला नाय," पास्कू म्हणाला. "त्याला. तुमी बसा." आणि त्याने लंगडं स्टूल पुढे सरकवलं.

मग त्याने आईला हात न लावता, नुसतं बोलून, बाकावर बसायला सांगितलं. "आय, मोहन्याची बंदूक आयलीय." म्हातारी येऊन बसली.

पहिल्यांदाच पास्कूने गिऱ्हाइकाला बोलू दिलं. "सांगा, काय जालता."

"मी तेव्हा सांगितलं तेच आजही सांगतो," आबासाहेब म्हणाले. "दोन्ही घोडे चढवलेले होते. इनास पुढे होता. बांधावरून उतरताना माझा पाय घसरला, दस्ता मांडीवर आपटला आणि उजवी नळी उडाली. चापाला माझं बोट नव्हतं."

"बोट नवता," पास्कू हसला. ते हसू मला आवडलं नाही. "आय, आयकतेस नं?"

त्याने नळ्या उघडून रिकाम्या असल्याचं पाहिलं. डोळे मिटून उजवा घोडा चढवला. मग दस्त्याला तळहाताने खालून एक हलका ठोका दिला.

घोडा पडला.

खाडकन आवाज झाला. पास्कूने पुन्हा घोडा चढवला, पुन्हा ठोका दिला. पुन्हा पडला. डावा घोडा मात्र कितीही ठोकला तरी हलेना. बिघाड उजव्यातच होता, आणि इनासला लागलेला बार उजव्या नळीचा होता.

"आयकला मी," मारियामाय माझ्या दिशेला तोंड करून म्हणाली. "कारकूना, आयकला. त्या मिस्तऱ्याचाच हात."

"मी काय म्हणत होतो?" आबासाहेब म्हणाले. त्यांचा स्वर एकदम मोकळा झाला, जवळजवळ आनंदी. मला त्या माणसाचा इतका संताप पूर्वी कधीच आला नव्हता.

पास्कूचा चेहरा बघवत नव्हता. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर तो उभा होता, ती त्याच्याच हाताखाली दोनदा खाडकन पडली होती. पळून जावं असं त्याला वाटलं असेल. पण त्याने स्क्रू काढायला घेतले. एक स्क्रू खाली पडला, तो मी उचलून दिला. उजव्या बाजूची पट्टी, घोडा आणि अटकणीसकट, बाहेर आली. आतल्या अंगाला पास्कूने खूण म्हणून कोरलेला बारीक क्रूस होता. त्याने अटकण उन्हात धरली, नखावर घासून पाहिली.

"धार हाय," तो स्वतःशीच बोलला. "खाच पन हाय."

मग त्याने ती पट्टी नुसती हातात धरून घोडा चढवला आणि ठोका दिला. घोडा जागचा हलला नाही. जोरात दिला. तरी नाही. तो थांबला, आणि त्याचा लहान डोळा आणखी बारीक झाला.

"हातात धरला तं उबा ऱ्हातो. लाकडात बसवला तं पडतो," तो हळूहळू म्हणाला. "म्हंजी अटकन बरी हाय. खालनं कोनतरी तिला उचलून धरतंय."

त्याने बंदूक उलटी केली आणि चापाखालची पट्टी सोडवली. पुढच्या चापाच्या माथ्यावर, जिथे अटकणीची शेपटी टेकते तिथेच, घट्ट झालेल्या तेलात काहीतरी चिकटलं होतं. सुईच्या टोकाने त्याने ते अलगद सुटं केलं आणि अंगठ्याच्या नखावर घेतलं. तो तांदळाचा दाणा होता. एका अंगाने अजून लाल.

खाली कोंबडा माती उकरत होता.

"आबासाहेब," पास्कू म्हणाला, "दसऱ्याला हत्याराची पूजा कोन करतो तुमचे घरी?"

"मीच. कर्ता म्हणून मीच करतो."

"बंदूक कशी ठेवता?"

"पाटावर, उताणी. चाप वर येईल अशी. चापालाच तर हळदकुंकू वाहायचं, अक्षता वाहायच्या."

"माज्याकडनं साफ होऊन गेली, त्याच्यानंतर कितींदा पूजा जाली?"

"एकदाच. त्याच दसऱ्याला. इनास गेल्यावर ती पेटीत ठेवली, पुन्हा बाहेर काढली नाही. पण याचा..."

त्यांचं तोंड उघडं राहिलं. मुलाला अजून काही कळलं नव्हतं, तो एकदा बापाकडे आणि एकदा पास्कूकडे बघत होता.

"चापाचे फटीतनं दाना आत गेला," पास्कू म्हणाला. "अटकनीखाली बसला. तेवढी ती वर उचलली गेली, खाचेत नुसती टोकावर ऱ्हायली. घोडा चढला, पन वाऱ्यावर. मांडीवर दस्ता आपटला नि सुटला." तो उठून आबासाहेबांसमोर गेला, त्यांचा हात हातात घेतला, तळव्यावर तो दाणा ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली. "मी इतकी वर्सं सांगत ऱ्हायलो, तुमी खोटा बोललाव. तुमी खोटा नाय बोललाव. बोट तुमचा नवता. हात तुमचाच व्हता. ह्यो ठेवा तुमचेकडं."

आबासाहेब लंगड्या स्टुलावर एका बाजूला कलले. खोटं बोलणाऱ्याला निदान आपलं खोटं लपवण्याचा उद्योग असतो. त्यांच्याकडे तोही राहिला नाही. इतकी वर्षं हा माणूस मोहन्याला सुखाने झोपला होता, कारण त्याला खरोखरच वाटत होतं की मिस्त्रीने मारलं. ती झोप पास्कूने काढून घेतली, आणि मला मनापासून बरं वाटलं. तो माणूस रडू लागला तरी माझं बरं वाटणं कमी झालं नाही.

मारियामाय हाताने चाचपडत बाकावरून उठू लागली. मी पुढे झालो, तर तिने माझा हात झटकला.

"पास्कू," ती म्हणाली. "मना उठव. आनि भात वाढ."

पास्कूने बंदूक साफ करून, दोन्ही चाप चोख बसवून, वेळेवर मोहन्याला पाठवली. तिच्यात त्याने कसलाही खोडा घातला नाही. ओटीवरची चूल त्याच आठवड्यात मोडली. नाताळला कोंबडा होताच, पण त्याला नाव नव्हतं. मी खवचटपणे विचारलं तर म्हणाला, "आता कोंबड्याला कशाला तरास?"

त्यानंतर मी पास्कूला पुष्कळदा पाहिलं असेल, पण डोळ्यांसमोर राहिली आहे ती एकच भेट. आबासाहेबांच्या नातीचं लग्न निघालं आणि कचेरीतल्या आम्हा मंडळींना मोहन्याचं आमंत्रण आलं. मारियामाय तोवर वारली होती. मांडव गच्च भरला होता. मंगलाष्टकं सुरू झाल्यावर माझं लक्ष मांडवाच्या टोकाला गेलं. चर्चमध्ये मिस्सेला घालायचा काळा कोट घालून, टोपी काखेत धरून पास्कू उभा होता. त्याला कुणी बोलावलेलं नव्हतं. अक्षता वाटणारी बाई त्याच्यापाशी थोडी घुटमळली, पण त्याने हात पुढे केला तेव्हा तिने त्याच्याही हातावर चिमूट ठेवली.

आबासाहेब पुढच्या रांगेत खुर्चीवर होते. त्यांच्याही मुठीत अक्षता दिलेल्या होत्या. 'सावधान' झालं की सगळ्या मांडवाचे हात उडत, वधूवरांवर लाल तांदूळ पडत, आणि आबासाहेबांची मूठ मांडीवर तशीच मिटलेली राही. मुलगा वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगत होता. ते मान हलवत होते. बोटं पांढरी पडेपर्यंत त्यांनी मूठ आवळली होती. मग त्यांची नजर वर आली आणि पास्कूवर खिळली.

शेवटचं 'सावधान' झालं. वाजंत्री सुरू झाली. आबासाहेब आपल्याकडे बघताहेत हे पाहून पास्कूने हात उंच केला आणि नवरीमुलीवर भरभरून अक्षता टाकल्या. नंतर हात उघडा धरून त्याने बोटं एकेक करून फाकवली आणि मधे एखादा दाणा चिकटून राहिलाय का ते नीट पाहिलं. एकही नव्हता. त्याने डोक्यावर टोपी घातली आणि पंगतीला न थांबता कल्याणच्या रस्त्याला लागला.